कण्याचा बाक आणि यंत्राचा हात
मुलांच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेत रोबोटचे साहाय्य कितपत सुरक्षित?

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे निघाले, की वैनगंगेच्या अलीकडे सावली लागते. भोवती धानाच्या बांध्या, पलीकडे जंगलाची निळसर रेघ आणि मध्ये तालुक्याची लहानशी बाजारपेठ. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावी भरले होते आणि त्यासाठी स्वतः महात्मा गांधी येथे आले होते. सावली तेव्हा खादीचे नामांकित केंद्र होते. चरख्याची चाती जराशी वाकली की सूत तुटते, हे त्या काळी येथील घराघरांत ठाऊक होते.

मुलाच्या पाठीचा कणा वाकू लागला, तर मात्र तो असा लगेच कळत नाही. दुखत नाही, ताप येत नाही, शाळा बुडत नाही. पुष्कळदा तो प्रथम ओळखतो तो डॉक्टर नव्हे, तर शिंपी. शाळेच्या गणवेशाचे माप घेताना त्याच्या लक्षात येते की मुलीचा एक खांदा वर आहे, कमरेची एक बाजू आत गेली आहे आणि झग्याची खालची कड दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही. कधी भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथाच्या दर्शनाला गेल्यावर काढलेल्या छायाचित्रात आईला ते प्रथमच दिसते.

मग घरात बोलणी सुरू होतात. आजी म्हणते, दप्तराच्या ओझ्याने झाले असेल, वाढत्या वयात सरळ होईल. काकू हळूच सुचवते, बाहेर कोणाला सांगू नका, उद्या मुलीचे लग्न व्हायचे आहे. वडील दुकानातून नागपूरच्या परिचितांना फोन करतात आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी मोबाईलवर जाहिरात पाठवतो : मणक्याची शस्त्रक्रिया आता रोबोट करतो. घरातील निम्म्यांना वाटते, आता काळजी मिटली. उरलेल्यांच्या अंगावर काटा येतो, की लेकराची पाठ यंत्राच्या हवाली करायची? या दोन्ही प्रतिक्रिया एकाच गैरसमजातून जन्मतात. त्यासाठी हे यंत्र नेमके काय करते, काय करत नाही आणि त्याची खरी कसोटी कोठे आहे, हे शांतपणे पाहणे आवश्यक आहे.

बाक म्हणजे काय?

कणा एका बाजूस झुकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळतो, या विकाराला वैद्यकात स्कोलिओसिस म्हणतात. काही बालकांत मणके जन्मतःच सदोष असतात, काहींत स्नायूंच्या वा चेतासंस्थेच्या आजारामुळे बाक येतो. परंतु सर्वाधिक आढळतो तो दहा ते अठरा या वयातील बाक, ज्याचे निश्चित कारण सापडत नाही. साधारणतः शंभर किशोरवयीन मुलांमागे दोन-तीन जणांत तो दहा अंशांहून अधिक असतो. त्यांतील बहुतेकांना कोणत्याही उपचाराची गरज पडत नाही. मात्र वाढत जाणारा मोठा बाक मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक दिसतो. दप्तराच्या ओझ्याने पाठ दुखू शकते, पण हा बाक दप्तराने येत नाही. बसण्याच्या सवयीनेही येत नाही. त्यामुळे मुलीला वा तिच्या आईला दोष देण्यास काहीच आधार नाही.

बाक मोजण्याची पद्धत अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ जॉन कॉब यांनी १९४८ साली रूढ केली. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या व खालच्या टोकांच्या मणक्यांवरून रेषा काढून त्यांमधील कोन मोजतात. तोच कॉब कोन. स्थूलमानाने पंचवीस अंशांखाली फक्त लक्ष ठेवतात. मूल वाढीच्या वयात असताना पंचवीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान पट्टा, म्हणजे ब्रेस, देतात आणि पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. कारण पन्नास अंशांपुढचा बाक शरीराची वाढ थांबल्यावरही थांबत नाही. तो वर्षाला सुमारे एक अंश या गतीने सरकत राहू शकतो आणि फार वाढल्यास छातीच्या पोकळीत फुप्फुसांना जागा अपुरी पडते.

येथेच काळाचा प्रश्न येतो. पट्ट्याने खरोखर लाभ होतो का, याचा मोठा अभ्यास उत्तर अमेरिकेत होऊन २०१३ साली प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकी ७२ टक्क्यांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेपर्यंत गेला नाही. केवळ लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. जी मुले दिवसातून तेरा तासांहून अधिक पट्टा घालत, त्यांच्यात यश नव्वद टक्क्यांच्या घरात गेले. परंतु पट्ट्याचा उपयोग वाढीच्या वयातच असतो. लग्नाच्या भीतीने दोन वर्षे झाकून ठेवलेला वीस-तीस अंशांचा बाक जेव्हा पन्नास अंशांचा होऊन उघडा पडतो, तेव्हा पट्ट्याची वेळ टळलेली असते आणि घरासमोर शस्त्रक्रियेचाच मार्ग उरतो. जे लपवल्याने मुलीचे हित होईल असे वाटले, त्यानेच तिच्या पाठीवर लांब व्रण येतो.

स्क्रू कोठे बसतो?

शस्त्रक्रियेचे मूळ तत्त्व सोपे आहे. वाकलेल्या भागातील मणक्यांना दोन बाजूंनी धातूच्या सळ्यांचा आधार द्यायचा, शक्य तितका बाक सरळ करायचा आणि ते मणके परस्परांशी हाडाने जुळून येतील अशी व्यवस्था करायची. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करणारे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास अशी सळई प्रथम वापरात आणली. तेव्हा ती आकड्यांनी अडकवीत. पुढे आकड्यांच्या जागी स्क्रू आले आणि पकड कितीतरी मजबूत झाली.

हे स्क्रू मणक्याच्या पेडिकलमधून जातात. पेडिकल म्हणजे मणक्याच्या मागील कमानीला पुढच्या भागाशी जोडणारा हाडाचा देठ. त्याच्या आतल्या अंगास मज्जारज्जू असतो, वर-खाली चेतातंतूंच्या मुळ्या असतात आणि छातीच्या भागात पुढे महाधमनी व फुप्फुसाचे आवरण असते. प्रौढ माणसाच्या कमरेत हा देठ बोटाएवढा जाड असू शकतो. वाकलेल्या पाठीच्या लहान मुलात, विशेषतः बाकाच्या आतल्या बाजूस, तो अवघा तीन-चार मिलिमीटर रुंद असतो, शिवाय पिळलेला असतो. एका शस्त्रक्रियेत असे पंधरा-वीस स्क्रू बसवावे लागतात. शल्यचिकित्सकाच्या कौशल्याची परीक्षा याच काही मिलिमीटरांत होते.

यंत्र काय करते, काय करत नाही?

‘रोबोट शस्त्रक्रिया करतो’ हे वाक्य म्हणूनच दिशाभूल करणारे आहे. मणक्यांच्या शस्त्रक्रियेतील रोबोट त्वचा छेदत नाही, बाक सरळ करीत नाही, सळई वाकवीत नाही. प्रचलित यंत्रांत तो मुख्यतः एकच काम करतो : प्रत्येक स्क्रूची जागा व दिशा दाखवणारा हात अचूक ठिकाणी नेऊन तेथे स्थिर धरतो. त्या हातातील नळीतून छिद्र पाडण्याचे व स्क्रू बसवण्याचे काम शल्यचिकित्सकच करतो. बंदराच्या तोंडाशी जहाजाला वाट दाखवणारा वाटाड्या असतो, तसे हे यंत्र आहे. सुकाणू कप्तानाच्याच हाती राहते.

या कामाचे टप्पे असे. प्रथम मुलाच्या मणक्यांचे सीटी स्कॅन होते. ते शस्त्रक्रियेआधी किंवा शस्त्रक्रियागृहातच काढतात. संगणकावर प्रत्येक मणक्याचे त्रिमितीय चित्र पाहून शल्यचिकित्सक स्क्रूची लांबी, जाडी व दिशा ठरवतो. शस्त्रक्रियेच्या वेळी यंत्र टेबलाशी व मुलाच्या हाडाशी घट्ट जोडले जाते. मग टेबलावरील मुलाची प्रत्यक्ष स्थिती आणि संगणकातील चित्र यांचा मेळ घालतात. हा मेळ बरोबर बसला, तरच पुढचे सर्व बरोबर. इस्राएलमध्ये विकसित झालेल्या अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मान्यता दिली. त्यानंतर त्याच्या सुधारित पिढ्या आणि इतर कंपन्यांची यंत्रे आली. भारतातील मोठ्या शहरांतही ती पोहोचली आहेत.

यंत्राची चूक कशी होते, हेही समजून घेतले पाहिजे. मेळ घालण्यासाठी हाडात बसवलेली खूण शस्त्रक्रियेदरम्यान नकळत हलली, तर यंत्र आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवते. हाडाचा पृष्ठभाग उतरता असेल, तर छिद्र पाडणारे टोक घसरते आणि दिशा बदलते. स्नायूंचा दाब नळीला बाजूला रेटतो. शिवाय लहान मुलांचे मणके लवचीक असतात. एका मणक्यावर जोर दिला की शेजारचा हलतो, आणि उताणे झोपवून काढलेल्या स्कॅनमधील कणा पालथे झोपवल्यावर तसाच राहतोच असे नाही. म्हणून अनुभवी शल्यचिकित्सक यंत्राने दाखवलेली जागा शरीररचनेच्या खुणांशी ताडून पाहतो आणि प्रत्येक छिद्राच्या भिंती बारीक सळईने आतून चाचपतो. संशय आला की यंत्र बाजूला सारून तो हाताने काम करतो. ज्याला यंत्राविना ही शस्त्रक्रिया येते, त्याच्याच हाती यंत्र सुरक्षित असते.

आकडे काय सांगतात?

व्यापारी घरात मालाचे वजन तराजूवर झाल्याशिवाय सौदा होत नाही. येथेही तोच न्याय लावावा.

सर्वप्रथम, रोबोटचा विचार बाजूला ठेवून या शस्त्रक्रियेची जोखीम किती? स्कोलिओसिसवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नोंदींतून १९,३६० बालरुग्णांचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. सर्व प्रकारचे बाक धरून गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. अज्ञात कारणाच्या, म्हणजे किशोरवयीन मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात ते ६.३ टक्के होते. चेतासंस्थेला नवी इजा एकूण रुग्णांपैकी सुमारे एक टक्क्यात झाली. जन्मजात सदोष मणक्यांत ती दुप्पट होती. अज्ञात कारणाच्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण दहा हजारांमागे दोन इतके होते. याचा अर्थ, शस्त्रक्रिया मोठी आहे आणि जोखीम शून्य नाही. परंतु ‘हमखास पांगळेपण येते’ ही बाजारातील समजूतही खरी नाही.

दुसरा प्रश्न स्क्रूच्या अचूकतेचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात, चुकीच्या जागी बसलेल्या स्क्रूंचे प्रमाण एकूण ४.२ टक्के दिसले. पण ज्या अभ्यासांत शस्त्रक्रियेनंतर सीटी स्कॅन करून कसून तपासले होते, तेथे तेच प्रमाण १५.७ टक्के निघाले. माप काटेकोर घेतले, की खोट अधिक दिसते. दिलासा एवढाच, की थोड्या सरकलेल्या बहुतेक स्क्रूंपासून मुलांना काही त्रास होत नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ फारच थोड्यांवर येते.

संगणकाच्या मार्गदर्शनाने यात सुधारणा होते का, याचे एक महत्त्वाचे उत्तर भारतातूनच आले. कोइम्बतूरच्या गंगा रुग्णालयातील डॉ. एस. राजशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कण्याचा बाक वा पोक असलेल्या ३३ रुग्णांत छातीच्या मणक्यांतील ४७८ स्क्रूंची तुलना केली आणि २००७ साली ती प्रसिद्ध केली. नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या स्क्रूंपैकी २३ टक्क्यांनी हाडाची भिंत ओलांडली होती. संगणकाच्या मार्गदर्शनाखाली हे प्रमाण २ टक्के राहिले. तेथे रोबोटचा हात नव्हता, केवळ पडद्यावरील मार्गदर्शन होते. तरीही वाकलेल्या कण्यात नकाशाचा उपयोग किती मोठा, हे त्यातून स्पष्ट झाले.

रोबोटची गोष्ट मात्र सरळ रेषेत गेली नाही. जर्मनीत ६० प्रौढ रुग्णांवर झालेल्या तुलनेत, २०१२ साली, हाताने बसवलेले ९३ टक्के स्क्रू योग्य जागी आढळले. रोबोटच्या साहाय्याने बसवलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्केच होते. यंत्र हाडाशी पुरेसे घट्ट न जोडले जाणे आणि टोक घसरणे ही त्याची संभाव्य कारणे सांगितली गेली. त्यानंतर यंत्रे सुधारली, जोडणी बदलली आणि त्यांत प्रत्यक्ष मार्गदर्शनाचा पडदाही आला. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २०२१ साली १६२ बालरुग्णांचा आपला आरंभीचा अनुभव मांडला, आणि त्यात यंत्राच्या आधारे योजलेले बहुतेक सर्व स्क्रू यशस्वीपणे बसवता आले होते.

या सगळ्याचा सारांश असा. अनुभवी हातांत, सुधारित यंत्रासह, स्क्रूची अचूकता वाढते असे दिसते. पण मुलांबाबतचा बहुतेक पुरावा एकेका रुग्णालयाच्या अनुभवातून आलेला आहे. शिवाय अचूक स्क्रू आणि अधिक सुखरूप मूल या दोन गोष्टी एकच नव्हेत. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, बाक सरळ करताना मज्जारज्जूवर येणारा ताण या जोखमी रोबोट कमी करीत नाही. उलट जोडणीत वेळ गेला, तर भुलीचा काळ थोडा लांबतो. ज्यांचे मणके जन्मतःच वेडेवाकडे आहेत, देठ अतिशय बारीक आहेत किंवा एक शस्त्रक्रिया आधीच होऊन गेली आहे, अशा मुलांत यंत्राचा लाभ अधिक असण्याचा संभव आहे. साध्या बाकासाठी, वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या शल्यचिकित्सकाच्या हाती, रोबोट नसणे ही उणीव ठरत नाही.

न दिसणारा खर्च : किरणांचा

प्रत्येक सीटी स्कॅनचा हिशेब मुलाच्या शरीराच्या खात्यात जमा होत असतो. वाढत्या वयातील पेशींवर क्ष-किरणांचा परिणाम प्रौढांपेक्षा अधिक होतो आणि त्याचा निकाल दिसायला दशके लागतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून १९६५ पर्यंत निदान झालेल्या, कण्याचा बाक असलेल्या ५,५७३ स्त्रियांचा मागोवा घेण्यात आला. त्यांचे सरासरी पंचवीसच्या आसपास एक्स-रे झाले होते. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे सत्तर टक्क्यांनी अधिक निघाले. आजचे एक्स-रे त्या काळाच्या तुलनेत फारच कमी किरणांत निघतात, त्यामुळे घाबरून तपासणीच टाळणे चुकीचे ठरेल. परंतु रोबोटसाठी लागणारे स्कॅन मुलांच्या वजनानुसार कमी मात्रेत केले जाते का आणि आधी झालेले स्कॅन पुन्हा वापरता येईल का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

मज्जारज्जूचा पहारेकरी

पालक रोबोटविषयी हजार प्रश्न विचारतात, पण शस्त्रक्रियागृहात मुलाच्या पायांचे खरे रक्षण करणारी दुसरीच व्यवस्था असते. तिला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. मुलाच्या डोक्याला व हातापायांना बारीक तारा जोडून मेंदूकडून पायांकडे आणि पायांकडून मेंदूकडे जाणारे संदेश शस्त्रक्रियाभर मोजले जातात. संदेश क्षीण झाला, की काही मिनिटांतच शल्यचिकित्सक थांबतो, दुरुस्ती सैल करतो, स्क्रू तपासतो. भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतो. ही सोय नसलेल्या काळात, १९७०च्या दशकापासून, रुग्णाला अर्धवट शुद्धीवर आणून ‘पायाची बोटे हलव’ असे सांगण्याची पद्धत रूढ झाली होती. आजही संशय आला तर ती वापरतात. रोबोट आहे पण हा पहारा नाही, अशा ठिकाणापेक्षा रोबोट नाही पण हा पहारा चोख आहे, असे ठिकाण केव्हाही बरे.

शाकाहारी घरांनी विशेष लक्ष द्यावे

जैन कुटुंबांच्या मनात काही प्रश्न असतात, जे संकोचापोटी विचारले जात नाहीत. मणके जुळून येण्यासाठी हाडाचे बारीक तुकडे भरावे लागतात. बहुधा ते मुलाच्या स्वतःच्या मणक्यांच्या मागील भागातूनच मिळतात. ते अपुरे पडल्यास कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचे दाणे वापरता येतात, तसेच दात्यांचे वा प्राण्यांचे प्रक्रिया केलेले हाडही बाजारात असते. रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरला जाणारा काही प्रकारचा स्पंज प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनचा असतो. त्यालाही इतर पर्याय आहेत. याविषयीची इच्छा शस्त्रक्रियेच्या आधीच लेखी सांगून ठेवावी. त्याच वेळी, आयत्या क्षणी जीव वाचवण्यासाठी जे लागेल ते वापरण्याची मोकळीक शल्यचिकित्सकाला द्यावी.

दुसरी गोष्ट जीवनसत्त्व बी-१२ची. शाकाहारी आहारात ते दूध-दह्यातूनच मिळते आणि अनेक मुलांत कमी पडते. भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू शरीरातील बी-१२ निष्क्रिय करतो. मुळातच कमतरता असलेल्या रुग्णाच्या मज्जारज्जूला त्यामुळे क्वचित इजा होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून उणीव भरून काढावी. पर्युषणातील उपवासांच्या लगेच नंतरची तारीख घेऊ नये. चौविहार पाळणाऱ्या मुलांसाठी रात्री पाणी व औषधे देण्याबाबत घरच्या वडीलधाऱ्यांनी आणि भूलतज्ज्ञाने आधीच बोलून ठेवावे. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री त्या मुलासमोर हा पेच उभा राहू नये.

सावलीहून कोठे जावे?

सावलीपासून नागपूर दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. पण पहिले पाऊल नागपुरात टाकावे लागत नाही. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीपलीकडे धानोरा मार्गावर चातगावजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे शोधग्राम आहे. मुंबईचे मणकेतज्ज्ञ डॉ. शेखर भोजराज यांनी स्थापन केलेली ‘द स्पाइन फाउंडेशन’ ही संस्था तेथे ‘सर्च’च्या सहकार्याने अनेक वर्षे मणक्यांच्या रुग्णांसाठी सेवा देत आली आहे. ज्या भागात पाठदुखीकडे ‘मजुराचे नशीब’ म्हणून पाहिले जाई, तेथे तज्ज्ञ स्वतः चालत आले. महागडे यंत्र जंगलाच्या जिल्ह्यात येईल तेव्हा येईल. तपासणारी नजर मात्र तेथे पोहोचली आहे.

शाळांमध्येही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून मुलांची तपासणी करतात. पथक आले की ‘पाठही पाहा’ एवढे सांगण्यास कोणाचीच हरकत नसते. बाक आढळल्यास उभ्याने काढलेला संपूर्ण कण्याचा एक्स-रे आणि अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला पुरेसा आहे. मालीशवाल्याकडे वा मणका ‘बसवून’ देणाऱ्याकडे मात्र मुलाला नेऊ नये.

शस्त्रक्रिया ठरली, तर पालकांनी शल्यचिकित्सकाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. वर्षाला मुलांच्या बाकाच्या किती शस्त्रक्रिया आपण करता? त्यांतील किती या यंत्रासह? यंत्र मध्येच बंद पडले तर पुढे काय? न्यूरोमॉनिटरिंग कोण करणार, आणि ती व्यक्ती पूर्ण वेळ उपस्थित असेल का? मूल शुद्धीवर येण्यापूर्वी स्क्रूंची जागा कशी तपासणार? रक्त कमी जावे यासाठी काय उपाय करता? मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का? रोबोटसाठी वेगळे शुल्क किती, आणि शासकीय आरोग्य योजनेत या उपचारातील काय बसते? शेवटच्या प्रश्नासाठी योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र असतो, त्याला आवर्जून भेटावे. जो शल्यचिकित्सक या प्रश्नांना न रागावता, आकड्यांसह उत्तर देतो आणि ‘आपल्या मुलीला रोबोटची गरज नाही’ असेही सांगू शकतो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही.

बहुतेक मुले शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत उभी राहतात, आठवड्याभरात घरी येतात आणि महिना-दीड महिन्यात शाळेत बसू लागतात. धावणे-खेळणे काही महिन्यांनी सुरू होते. मोठेपणी त्या मुलीचे लग्न, बाळंतपण, व्यवसाय यांपैकी काहीही या शस्त्रक्रियेमुळे अडत नाही. अडते ते लपवल्याने.

म्हणून सुटीत सारे कुटुंब एकत्र जमेल, तेव्हा घरातील दहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीची पाठ आईने वा आजीने एकदा पाहावी. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे जोडून मुलाने कमरेतून हळूहळू पुढे वाकावे आणि मागून पाहणाऱ्याने पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा वर आलेली दिसते का ते बघावे. विल्यम ॲडम्स या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १८६५ साली सांगितलेली ही परीक्षा आजही जगभर वापरली जाते. तिला दोन मिनिटे लागतात, पैसा लागत नाही आणि यंत्रही लागत नाही. या दोन मिनिटांत बाक वेळीच सापडला, तर रोबोटचा प्रश्न त्या घरासमोर बहुधा कधी येणारच नाही.